‘लिहिलें’ म्हणजे कोठें लिहिलें?

ता. 12 ऑक्टोबर 2020 रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज एकाएकीं गेली. नेरूळच्या घरांतील पंखे थांबले, लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. नेरूळपासून जवळच, महापे-रबाळेच्या पट्ट्यांत, लोकांचे हिशेब राखणारीं डेटा सेंटरें आहेत. अशा क्षणीं अर्धवट उतरलेल्या नोंदीचें काय होतें?

1956 सालीं आय.बी.एम. कंपनीनें रॅमॅक यंत्राबरोबर चुंबकीय तबकड्यांची साठवण प्रथम बाजारांत आणली. तबकड्या पन्नास, प्रत्येकीचा व्यास 24 इंच, आणि मावत अवघीं 50 लक्ष अक्षरें! तबकडीवर लिहावयाचें तर लेखणी इष्ट वर्तुळावर सरकावी लागते व नेमकी जागा फिरून तिच्याखालीं येईपर्यंत थांबावें लागतें. आजही हा विलंब सेकंदाच्या शतांशाच्या आसपास असतो. विजेच्या स्मृतीला तो युगासारखा. पुढें 1988 मध्यें बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनीं अनेक स्वस्त तबकड्यांचा संच करून, एक निकामी झाली तरी मजकूर वाचावा, अशी योजना मांडली. तिच्या कांहीं प्रकारांत मात्र लहानशा बदलालाही दोन वाचनें व दोन लेखनें, अशीं चार कामें पडूं लागलीं.

यावरील तोड आपल्या पेढ्यांना नवी नव्हती. गिऱ्हाईक समोर उभें असतां मुनीम खतावणी उघडून बसत नसे. रोजकीर्दींत नोंद करी, खतावणी सवडीनें होई. राइट कॅश ही यंत्राची रोजकीर्दच होय. मजकूर प्रथम जलद स्मृतींत घ्यावयाचा, ‘लिहिलें’ असा जबाब द्यावयाचा, आणि शेजारशेजारच्या नोंदी एकत्र करून मागाहून तबकडीवर उतरावयाच्या. एकाच जागीं दहा वेळां बदल झाला तर शेवटचा तेवढाच उतरला तरी चालतें.

परंतु रोजकीर्द कागदावर असते. ही स्मृति वीज जातांच कोरी होते. मग दिलेला जबाब खोटा ठरतो, आणि तोही पैशाच्या व्यवहारांत! म्हणून आय.बी.एम.नें 1987 मध्यें आपल्या 3990 नियंत्रकांत बॅटरीवर तगणारी वेगळी स्मृति बसविली: लिखाणाची एक प्रत साध्या स्मृतींत, दुसरी हिच्यांत. पुढें अनेक संचांत दोन नियंत्रक एकमेकांची प्रत राखूं लागले. बॅटरी क्षीण झाली कीं अशीं यंत्रें सहसा ही सवलत बंद करून थेट तबकडीवर लिहितात. काम मंदावतें, पण जबाब खरा राहतो.

बॅटरीची पुंजीही अखेर संपणारीच. त्यामुळें नंतरच्या कित्येक यंत्रांत विजेचा छोटासा साठा केवळ एवढ्यासाठींच ठेवितात कीं, ती जातांच स्मृतींतील मजकूर फ्लॅशवर उतरून घ्यावा. तेथें तो महिनाभर वीज आली नाहीं तरी राहतो.