विणकरांनी बांधलेला कोट

मेहकरला पाहुणे आले की मी त्यांना आधी शारंगधर बालाजीच्या दर्शनाला नेतो. १८८८ साली जमिनीतून निघालेली ही काळ्या पाषाणातली उभी मूर्ती अकरा फुटांच्या आसपास आहे. मुखदर्शनाला मान पार मागे टाकावी लागते. प्रभावळीत दशावतार. मेघंकर दैत्याला शारंगधराने मारलं, म्हणून मेहकर, असं आमची आजी सांगायची.

मग पैनगंगेकडची हेमाडपंती धर्मशाळा. चैत्रातल्या उन्हातही तिथल्या दगडी खांबाला पाठ टेकली की गार वाटतं.

पण मला खरं अप्रूप आहे ते मोमिनांचं, म्हणजे इथल्या विणकरांचं. गावाचा अपुरा कोट त्यांनी स्वतःच्या पैशानं पुरा केला. मोमिनांच्या वेशीवरच्या लेखात साल होतं १४८८. राजानं नव्हे, सरदारानं नव्हे, मागावर बसणाऱ्या माणसांनी! पुढे अकबराच्या काळात मेहकर वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार झालं. नंतर पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या, १८०३ चा दुष्काळ आला आणि ही पेठ खचली. कंचनीच्या महालाची गोष्ट इथे जो तो सांगतो. विणकरांची मात्र मलाच सांगावी लागते, आणि मी ती प्रत्येक पाहुण्याला सांगतो.