मूळ आवाज

गेली काही वर्षं दादाची इलेक्ट्रिक गिटार आमच्या माळ्यावर होती. दादा गेल्यानंतर वहिनीने ती मला दिली. वाजवायला घेतली की ती घुंSS असा आवाज करायची. ट्यूबलाइट लावली की जास्तच. दुरुस्तीवाला म्हणाला, "पिकअप बदला, दुसरा इलाज नाही." नवं पिकअप आणलं आणि ते दोन महिने कपाटात पडून राहिलं. आवाज तर पिकअपमधूनच येतो. तेच बदललं तर दादाची गिटार दादाची राहिली का, हा प्रश्न मला सुटेना. मग नेहमीप्रमाणे काम टाळून वाचत बसलो.

ज्यांना गिटारशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार वर थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. शाळेत शिकलेला फॅरेडे, दुसरं काही नाही. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येत नसे. त्या गरजेतून जॉर्ज बोशँप आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी तव्याच्या आकाराची विजेवरची गिटार १९३२ मध्ये बाजारात आणली. लोक तिला 'फ्राइंग पॅन'च म्हणू लागले.

पण वेढा काही आवडनिवड करत नाही. तारेचं कंपन घेतो, तशी भिंतीतल्या विजेची गुणगुणही घेतो. तिकडे ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या माणसाने यावर १९५५ मध्ये उपाय काढला. एकाऐवजी दोन वेढे शेजारी ठेवायचे, त्यांची जोडणी उलट आणि चुंबकाची टोकंही उलट. तारेचा आवाज दोन्हींचा मिळून वाढतो, गुणगुण मात्र एकमेकांना खाऊन टाकते. कल्पना अगदीच नवी नव्हती, पण गिटारीत ती नीट बसली ती आता. १९५७ पासून हे 'हंबकर' गिब्सनच्या गिटारींवर बसू लागलं. पेटंट मिळायचं होतं, म्हणून खाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी चिकटवलेली असे. त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं घेऊन लोक या पिकअपला आजही 'पीएएफ' म्हणतात. पेटंट मिळालं १९५९ मध्ये. गंमत म्हणजे पुढे चिठ्ठीवर जो क्रमांक छापला तो या पिकअपचा नव्हताच. तो होता लेस पॉलच्या, तारा अडकवायच्या पट्टीच्या पेटंटचा. चूक की चलाखी, यावर मंडळी अजून वाद घालतात.

आणि हे पीएएफ म्हणजे तरी काय? एकेका वेढ्यात साधारण पाच हजार फेरे, पण नेमके किती ते यंत्र चालवणाऱ्या हातावर. चुंबक हाताला येईल त्या प्रतीचं. त्यामुळे कुठलीही दोन पिकअप सारखी वाजत नाहीत. ज्या काळात ती बनली त्या काळात कोणी त्यांना पवित्र मानलं नव्हतं. १९५८ ते ६० मधल्या ज्या लेस पॉल गिटारी आज लाखो डॉलरना जातात, त्या तेव्हा पुरेशा खपेनात म्हणून कंपनीने त्यांचं रूपच बदलून टाकलं.

मग १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मायॉलबरोबर अशाच एका गिटारीवर रेकॉर्ड केलं आणि सगळ्यांना तोच आवाज हवासा झाला. जुन्या गिटारी मोजक्याच. मग लोकांनी काय केलं? स्वतः गिटारी उघडल्या.

सीमोर डंकन नावाच्या मुलाचं पिकअप बिघडलं, तेव्हा त्याने रेकॉर्ड प्लेअरच्या फिरत्या तबकडीवर नवे वेढे घातले असं सांगतात. पुढे इंग्लंडमध्ये त्याने जेफ बेकसाठी एक गिटार बांधली. टेलिकास्टरचं शरीर, त्यात गिब्सनची पिकअप नव्याने वेढे घालून बसवलेली. १९७६ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात स्वतःची कंपनी काढली. त्याआधीच न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओने फक्त बदलण्यासाठी म्हणून एक पिकअप बाजारात आणलं होतं, जास्त जोरकस. कारखान्याने दिलं ते गोड मानून घ्यायचं, हा काळ तिथे संपला.

सगळ्यात आवडली ती एडी व्हॅन हेलनची गोष्ट. त्याला गिब्सनचा आवाज हवा होता आणि फेंडरची ठेवण. दोन्ही एकत्र मिळत नव्हतं. त्याने कारखान्यातून बाजूला काढलेलं स्वस्तातलं शरीर घेतलं, पटाशीने भोक मोठं केलं आणि आपल्याच गिब्सनमधलं पिकअप काढून त्यात बसवलं. ते कर्कश शिटी मारू नये म्हणून वितळलेल्या मेणात बुडवलं. या प्रयोगात आधी काही पिकअप वितळून वायाही गेली. तीच गिटार १९७८ च्या पहिल्या अल्बमवर वाजली आणि २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या प्रदर्शनात काचेआड ठेवली गेली. पटाशीच्या खुणांसकट!

आणि आज? आज कंपन्या त्याच जुन्या पीएएफच्या नकला विकतात. दोन वेढ्यांतले फेरे मुद्दाम कमीजास्त ठेवून. त्या काळच्या कामगाराच्या हातून सहज झालेला फरक आता मोजूनमापून करायचा आणि त्याला 'मूळ आवाज' म्हणायचं. मला वाटतं, मूळ आवाज म्हणून आपण जे जपतो ते बऱ्याचदा कुणाच्या तरी हातून त्या दिवशी जे झालं ते असतं. जपायला हरकत नाही. फक्त ते आकाशातून पडलं होतं असं समजू नये.

असो. रविवारी शेवटी धीर करून गिटार उघडली. वरची प्लास्टिकची पट्टी काढली आणि बघतच राहिलो. मागच्या पिकअपच्या तारांचा रंग बाकी दोन्हींपेक्षा वेगळा. सोल्डरचा हा एवढा गोळा. खालचं लाकूड कशाने तरी वेडंवाकडं कोरलेलं. आणि त्या कोरलेल्या लाकडावर पेन्सिलने दादाच्या अक्षरात एक तारीख, १९९४ ची.

म्हणजे जे बदलायला मी दोन महिने घाबरत होतो, ते दादाने आधीच बदललेलं होतं! कुठून आणलं, आधीचं का आवडलं नाही, सोल्डरिंग कुणी शिकवलं, यातलं काही आता विचारता येणार नाही. वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "अहो भाऊजी, त्या दिवशी घरभर लाकडाचा भुसा करून ठेवला होता यांनी. मी केवढी चिडले होते!" आणि हसली. दादा गेल्यापासून त्याचा विषय निघाल्यावर ती हसलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

नवं पिकअप बसवलं. माझा सोल्डरचा गोळा दादाच्यापेक्षा मोठा झालाय. घुं आवाज जवळजवळ गेला. दादाचं पिकअप कागदात गुंडाळून गिटारच्या पेटीतच ठेवलंय. आणि पट्टी लावायच्या आधी पेन्सिल घेऊन त्याच्या तारखेखाली माझी तारीख लिहिली.