ग्रहणाच्या वाटेवरचे साक्षीदार

सूर्यग्रहण पाहण्यासाठी माणसाने घरदार सोडून दूरचा प्रवास करावा, ही कल्पना आपल्याकडे अजूनही थोडी विलक्षण वाटते. ग्रहण म्हटले की दारे-खिडक्या लावून घ्यावयाच्या, शिजलेले अन्न टाकून द्यावयाचे, गर्भवतीला बाहेर पडू द्यावयाचे नाही, ही आपल्या परिसरातील जुनी रीत. परंतु खग्रास ग्रहणाचा स्वभावच असा आहे की, ज्याला ते पाहावयाचे आहे त्याला उठून त्याच्याकडे जावे लागते. चंद्राच्या गडद सावलीचा पट्टा सहसा फार तर दोन-अडीचशे किलोमीटर रुंद असतो, पुष्कळदा त्याहूनही अरुंद. एखाद्या ठिकाणी खग्रास ग्रहण एकदा दिसले की तेथे ते पुन्हा दिसण्यास सरासरीने पावणेचारशे वर्षे लागतात. पट्ट्याबाहेर सूर्य कितीही झाकला गेला तरी उरलेली कोर सूर्याभोवतीचे प्रभामंडल दिसू देत नाही.

म्हणूनच २२ जानेवारी १८९८ या दिवसाचे महत्त्व. त्या शनिवारी दुपारी चंद्राची सावली कोकणच्या किनाऱ्यावर उतरली आणि देश, वऱ्हाड व मध्य प्रांत ओलांडून बिहारकडे निघून गेली. पुणे शहर व त्याच्या पूर्वेचे हडपसर गाव पट्ट्याच्या बाहेर राहिले. येथे सूर्याचा मोठा भाग झाकला गेला, पण पूर्ण अंधार झाला नाही. पट्टा गाठावयाचा तर पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाने दौंडच्या पुढे करमाळा तालुक्यातील जेऊरपर्यंत जावे लागत होते. हा मार्ग हडपसरच्या शिवारातूनच जातो. त्या हिवाळ्यात दुर्बिणी, कॅमेरे आणि काचेच्या प्लेटांच्या पेट्या घेऊन ज्या गाड्या जेऊरकडे गेल्या, त्या याच रुळांवरून गेल्या.

हे गाव त्या वेळी कोणत्या अवस्थेतून जात होते, याचे स्मरण ठेवले पाहिजे. १८९७ च्या प्रारंभी पुणे परिसरात प्लेगाने थैमान घातले होते. हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंतराव फुले यांनी रुग्णांसाठी उपचाराची सोय केली होती. तेथे सेवा करताना त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई यांना प्लेगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. पुढे ‘ओरायन’ हा वेदकालनिर्णयाचा खगोलविषयक ग्रंथ लिहिणारे लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेने तुरुंगात गेले. ग्रहणाच्या दिवशी ते तेथेच होते. वर्ष सरताना साथ पुन्हा उफाळली होती. १८९६-९७ च्या दुष्काळाने सोलापूरकडील प्रदेशही पोळून निघाला होता. अशा दिवसांत दोन मिनिटांच्या अंधारासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी विचारला असता तर तो गैर ठरला नसता. त्याचे उत्तर त्या प्रवाशांनी परत आणलेल्या गोष्टींत शोधावे लागते.

जेऊरला गेलेल्यांत आपल्या पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते. ते कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढील काळातील अभियांत्रिकी महाविद्यालयात, शिकवीत. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली तेथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली होती. नायगमवाला यांनी ग्रहणाचे वेध घेतले आणि १९०२ साली त्यांचा सविस्तर अहवाल मुंबईत छापून प्रसिद्ध झाला. दोन मिनिटांचे निरीक्षण आणि चार वर्षांनी आलेला अहवाल! याच जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. एवढे अवजड यंत्र एका लहान गावाच्या माळावर उभे करावयाचे, तर स्थानिक हातांवाचून ते होणे शक्य नव्हते. त्या हातांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

वऱ्हाडातील तळणी येथे आलेली मंडळी मात्र निराळी होती. १८९० साली स्थापन झालेल्या ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी अभ्यासकांच्या संस्थेने आपल्या सभासदांची सहल काढली होती. आजच्या मार्गदर्शित ग्रहण-सहलींची ही पूर्वजच म्हणावी लागेल. याच संस्थेने १८९६ साली नॉर्वेतील वाडसे येथे सभासदांना जहाजाने नेले होते. तेथे ढगांनी सारा बेत उधळून लावला. तरीही दीड वर्षाने मंडळी पुन्हा निघाली, हे विशेष. तळणीच्या पथकात वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी अॅनी माँडर होत्या. अॅनीबाई ग्रीनिच वेधशाळेत गणनेचे काम करीत. विवाहानंतर त्यांना ते पद सोडावे लागले होते. तळणीला त्यांनी लहानशा कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रात प्रभामंडलाचा एक किरण इतका लांबवर उमटला की, तोपर्यंत तसा कोणाच्याही छायाचित्रात आढळला नव्हता. याच संस्थेच्या बक्सर येथील पथकात नेव्हिल मॅस्केलिन हे जादूगार होते. त्यांनी ग्रहणाचे चलच्चित्र घेतले, पण परतीच्या वाटेवर ती फिल्म चोरीस गेली. त्यांनी जे पाहिले ते जगाला दाखविता आले नाही.

बक्सरजवळच्याच डुमराव येथे बंगालच्या मिशनमधील येशूसंघीय धर्मगुरूंचे पथक होते. त्यांच्या वेधांचा वृत्तांत फादर व्ही. द काम्पिन्यूल यांनी १८९९ साली प्रसिद्ध केला. या संघाला ग्रहणाच्या वाटा नव्या नव्हत्या. १८ जुलै १८६० च्या ग्रहणासाठी रोमच्या वेधशाळेचे फादर आंजेलो सेक्की स्पेनच्या पूर्व किनाऱ्याजवळ गेले होते, तर इंग्रज संशोधक वॉरन डी ला रू त्याच देशाच्या उत्तर भागात होते. दोघांच्या छायाचित्रांत सूर्याच्या कडेवरील तांबूस ज्वाला सारख्याच दिसल्या. त्या चंद्राच्या आहेत की सूर्याच्या, हा वाद दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या जुळलेल्या साक्षीने मिटला; ज्वाला सूर्याच्याच ठरल्या. स्टोनीहर्स्टचे फादर स्टीफन पेरी यांची कथा अधिक हृदयस्पर्शी आहे. २२ डिसेंबर १८८९ रोजी फ्रेंच गयानाच्या किनाऱ्याजवळील साल्यू बेटांवर आमांशाने जर्जर झालेल्या शरीराने त्यांनी ठरलेली सारी छायाचित्रे घेतली. पाच दिवसांनी जहाजावरच त्यांचा अंत झाला. छायाचित्रांच्या काचा मात्र मागे राहिल्या.

साक्ष देणाऱ्याने ती अचूक द्यावी लागते, याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ दाखवून, येथे १८६८ साली सर नॉर्मन लॉकयर यांनी हेलियमचा शोध लावला, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, पॉगसन मच्छलीपट्टणला होते आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला होते. त्या काळात सूर्यज्वालांच्या वर्णपटात जी पिवळी रेषा दिसली, तिच्यावरून पुढे हेलियमची ओळख पटली. लॉकयर यांनी आपले वेध २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहणावाचून, इंग्लंडमध्ये घेतले. विजयदुर्गाला ते तीस वर्षांनी, १८९८ च्या ग्रहणासाठी आले आणि ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशांना त्यांनी निरीक्षणाच्या कामाला लावले. खऱ्या इतिहासाने विजयदुर्गाचे मोल कमी होत नाही. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने साध्या खलाशांच्या हाती वेधाचे काम सोपविले, ही गोष्टच पुरेशी अभिमानाची आहे.

विसाव्या शतकात या वाटा सामान्यांसाठीही खुल्या झाल्या. १६ फेब्रुवारी १९८० रोजी सावली कारवारच्या किनाऱ्याकडून ओरिसाकडे गेली, तेव्हा अनेक शहरांतील रस्ते भीतीने ओस पडले होते. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात मात्र लोक मोठ्या संख्येने बाहेर आले. ११ ऑगस्ट १९९९ रोजी कच्छमध्ये आणि २२ जुलै २००९ रोजी सुरत व पाटण्याजवळील तारेगणा येथे पावसाळी ढगांनी हजारोंची निराशा केली. सहलीचे पैसे भरले म्हणजे आकाश आपले झाले, असे होत नाही.

आता हडपसरच्या वसाहतींतूनही कुटुंबे विमानाने परदेशी सहलींना जातात. २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणाची सावली इजिप्तमधील लक्सरजवळून जाते आणि तेथे सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ झाकलेला राहतो. २० मार्च २०३४ चा पट्टा आपल्याच देशातील लडाख-काश्मीरवरून जातो. ज्याला परवडते त्याने जरूर जावे. खंडग्रास अवस्थेत डोळ्यांवर योग्य गाळणीचा चष्मा लावावा. मात्र घरी राहिलेल्या आजी-आजोबांचे आणि सहलीचा खर्च न झेपणाऱ्या शेजाऱ्यांचे आपण काही देणे लागतो, हे विसरू नये. १८९८ साली जेऊरची गाडी हडपसरवरून गेली तेव्हा रुळांच्या दुतर्फा साथीने गांजलेली माणसे होती. त्या गाडीतल्यांनी पाहिले ते नीट लिहून ठेवले, म्हणून आज ते आपणा सर्वांचे झाले आहे. परत आल्यावर आपणही घरच्यांना जवळ बसवून, जे दिसले ते आणि तेवढेच, मन लावून सांगावे.