बालविवाह : ऊसतोड कुटुंबांतील कारणे

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, 2006 नुसार वधूचे वय 18 किंवा वराचे वय 21 वर्षांहून कमी असलेला विवाह म्हणजे बालविवाह. ही नोंद मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांपुरती आहे.

नुसत्या दारिद्र्याने या प्रथेचा उलगडा होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019–21) 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण छत्तीसगडमध्ये 12.1 टक्के निघाले. त्याहून श्रीमंत महाराष्ट्रात 21.9, बीडमध्ये 43.7 आणि शेजारच्या परभणीत 48. छत्तीसगडमधील रायपूर-सिलतरा भागात अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुले पुतरा-पुतरीचे (बाहुला-बाहुलीचे) लग्न लावतात आणि खऱ्या बालविवाहांवर प्रशासनाची नजरही त्याच मुहूर्तावर असते. बीडमध्ये मात्र पंचांगापेक्षा गाळप हंगामाची घाई मोठी.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. उचल कोयत्यावर मिळते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. लग्न न झालेल्या मुलाचा कोयता अर्धाच राहतो. म्हणून सून आणायची ती आधी फडासाठी, मग संसारासाठी. बालविवाहाच्या चर्चेत मुलीच्या बापाला सगळे बोल लावतात, मुलाकडची ही निकड क्वचितच कोणी मोजते.

मुलीच्या घरची अडचण निराळी. गावी ठेवावे तर राखणीला थकलेली आजी. सोबत न्यावे तर फडाजवळ पाचटाची कोपी, तिला ना कडी ना न्हाणीला आडोसा, आणि आईबाप पहाटेच कामावर. पोरीला कोणी त्रास देईल आणि पोर कोणाबरोबर निघून जाईल, ही दोन्ही भये एकाच वाक्यात बोलली जातात. त्यांतले अब्रूचे कोणते आणि काळजीचे कोणते, हे आईलाही सांगता येत नाही. वस्तीवरची शाळा संपली की पुढची दुसऱ्या गावी असते. मुलगी घरी बसली की ‘आता कशाची वाट बघता?’ हे विचारायला सोयरे तयारच असतात. शिकवावे, तर तेवढाच शिकलेला जावई पाहावा लागतो, म्हणजे हुंडा वाढतो. थोरलीच्या मांडवात धाकटीचेही उरकले तर एक जेवणावळ वाचते. करोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद आणि पाहुणे मोजके, म्हणून उरकणे आणखी स्वस्त झाले.

घरातल्या वडीलधाऱ्यांना यात वावगे वाटत नाही, याचेही कारण आहे. सारडा कायद्याने (1929) मुलीसाठी ठरवलेली 14 वर्षांची मर्यादा 1949 मध्ये 15 झाली. 18 झाली ती 1978 मध्ये. आजच्या कित्येक आज्यांच्या लग्नाच्या वेळी पंधरावे वर्ष कायद्यातच बसत होते.

गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तक्रारीसाठी 1098 हा क्रमांक आहे. पण तक्रार करणाराही बहुधा भावकीतलाच, त्यामुळे फोन उशिरा जातो. अक्षता पडल्यावर लग्न आपोआप रद्द होत नाही. अज्ञान वयात लग्न झालेल्याला सज्ञान झाल्यानंतरची दोन वर्षे पूर्ण होण्याआधी न्यायालयात दाद मागावी लागते. हे कलम घरोघरी माहीत नसले, तरी ‘एकदा लागलं की लागलं’ हा हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो.

राज्य शासनाने 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली : 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे, निम्मी मुलींची. आईबाप फडात असताना मुलगी कोठे राहील, एवढ्या प्रश्नाला हे सरळ उत्तर आहे. अर्धा कोयता पुरा करण्याच्या घाईला वसतिगृह पुरत नाही. ती उचलीच्या पद्धतीतून येते.