कुलूप नसलेले कपाट

आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात काचेची तीन कपाटे होती. दोन सदैव उघडी असत. तिसऱ्यात जुने, कातडी बांधणीचे ग्रंथ होते आणि त्याची किल्ली चिटणीसांच्या घरी असे. लहानपणी त्या ग्रंथांची नावे आम्ही काचेबाहेरून वाचीत असू. पुढे एका पावसाळ्यानंतर ते कपाट उघडले, तेव्हा आतील पाने वाळवीने फस्त केलेली होती. ग्रंथ जपावयाचा तो कुलपात ठेवून की सर्वांच्या हाती देऊन, हा प्रश्न माझ्यापुरता त्या दिवशीच सुटला. इतिहासात मात्र तो वारंवार नव्याने उभा राहिला आहे.

4 जुलै 1971. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची रात्र. इलिनॉय विद्यापीठातील 24 वर्षांचा विद्यार्थी मायकेल हार्ट संगणककक्षात बसला होता. त्याला त्या अवाढव्य यंत्रावर काम करण्याची मोकळीक नुकतीच मिळाली होती आणि त्या वेळेचे मोल कसे फेडावे, हे त्याला कळत नव्हते. दुकानातून सामानाबरोबर मिळालेला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा एक छापील कागद त्याच्या पिशवीत होता. त्याने तो अक्षर अक्षर टंकून यंत्रात उतरविला. अक्षरे सगळी मोठ्या लिपीतील, कारण त्या यंत्राला लहान लिपी ठाऊकच नव्हती. मजकूर सर्वांना धाडला तर व्यवस्था कोलमडेल, असे त्याला सांगण्यात आले. म्हणून तो कोठे ठेवला आहे, एवढीच सूचना त्याने दिली. हार्ट यांच्याच सांगण्याप्रमाणे, शंभरएक जणांपैकी सहा जणांनी तो उतरवून घेतला.

एवढ्याशा आरंभाला त्यांनी नाव दिले 'प्रोजेक्ट गटेनबर्ग'. काम अतिशय संथ चालले. 1989 साली किंग जेम्स बायबल पूर्ण झाले, ती केवळ दहावी संहिता होती. म्हणजे अठरा वर्षांत दहा! कोणताही हिशेबी मनुष्य येथे थांबला असता. हार्ट थांबले नाहीत. 1994 च्या आरंभी शेक्सपिअरचे समग्र साहित्य शंभरावे ठरले आणि 1997 साली दान्तेचे महाकाव्य हजारावे. मजकूर साधा, अलंकाररहित असावा, म्हणजे जुन्यात जुने यंत्रही तो उघडू शकेल, हा त्यांचा हट्ट पुढे फारच शहाणपणाचा ठरला. 2000 साली चार्ल्स फ्रँक्स यांनी मुद्रितशोधनाचे काम पानापानांनी वाटून देण्याची युक्ती काढली. एका स्वयंसेवकाने एकच पान घ्यावे, मूळ पानाच्या चित्राशी ते ताडून पाहावे आणि सोडून द्यावे. मग मात्र ग्रंथांची संख्या हजारोंनी वाढू लागली.

या कथेत आपल्या वाचकांना रुचेल असा एक योगायोग आहे. 1990 च्या दशकात हार्ट यांना आश्रय दिला तो इलिनॉयमधील एका बेनेडिक्टाइन महाविद्यालयाने. ज्या संघाच्या मठवासियांनी शतकानुशतके हस्तलिखितांच्या नकला केल्या, त्यांच्याच छायेत हा नवा नकलनवीस बसला. त्याच संघाचे स्पोनहाइम मठाचे मठाधिपती योहानेस ट्रिथेमियस यांनी 1492 साली लेखनिकांची स्तुती करणारे पुस्तक रचले होते. चर्मपत्रावर लिहिलेले हजार वर्षे टिकेल, कागदावर छापलेले दोनशे वर्षे टिकले तरी पुष्कळ, असा त्यांचा युक्तिवाद. गंमत अशी की, हे पुस्तक त्यांनी 1494 साली छापूनच घेतले, आणि तेही मेंझ येथे, गटेनबर्गच्या गावी! गटेनबर्गचा छापखाना 1455 च्या सुमारास सावकाराने दाव्यात जिंकून घेतला होता. हार्टही आयुष्यभर काटकसरीतच जगले. 6 सप्टेंबर 2011 रोजी वयाच्या 64 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता कुलपाची गोष्ट. 1998 साली अमेरिकेच्या काँग्रेसने लेखाधिकाराची मुदत वीस वर्षांनी वाढविली. 1923 साली प्रसिद्ध झालेली जी पुस्तके 1999 च्या नववर्षदिनी सर्वांची होणार होती, ती पुन्हा बंद झाली. जुनी पुस्तके महाजालावर विनामूल्य ठेवणारे एरिक एल्ड्रेड न्यायालयात गेले; 2003 साली सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी हरले. ते कपाट उघडले 1 जानेवारी 2019 रोजी. लेखकाच्या घरच्यांना काही काळ मोबदला मिळावा, हे कोणीही मान्य करील. परंतु ज्या हजारो विस्मृत पुस्तकांना कोणी वारस विचारीत नाही आणि प्रकाशकही पुन्हा छापीत नाही, ती कोणासाठी बंद ठेवावयाची?

आपल्याकडेही असे घडले. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत 1991 अखेर संपत होती, तेव्हा 50 वर्षांची मर्यादा 60 करण्यात आली. या नियमाने साने गुरुजींचे लेखन 2011 च्या आरंभी सर्वांसाठी खुले झाले.

आणि फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'? सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ 1616 साली राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. 1649 व 1654 साली पुन्हा निघाला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हातांनी केलेल्या नकलांमुळे. कोणी भाविकाने आपल्यासाठी उतरवून घेतला, कोणी दुसऱ्यासाठी. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्डाना यांनी 1907 साली मंगळूरहून आवृत्ती काढली, आणि देवनागरीतील एक प्रत लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडली. साल्डानांच्या त्या आवृत्तीची पाने आता 'इंटरनेट आर्काइव्ह'वर कोणालाही पैशाविना वाचता येतात. पहिल्यांदा ती पडद्यावर उघडली तेव्हा रोमन अक्षरांत मराठी वाचताना मी अडखळलो. मोठ्याने वाचू लागलो, तशी ओवी कानाला ओळखू आली, आणि स्वयंपाकघरातून आईने विचारले, "कोणाचं रे हे?"