एकट्यापुरती नौका

शिडाच्या छोट्या होडीत वारा वाढला की माणसाचं वजन कामाला येतं. होडी कलू लागते, मग पाय पट्ट्यात अडकवून काठावर बसायचं आणि पाठ पाण्यावर झोकून द्यायची. मुंबई बंदरात एंटरप्राइझ होडीवर मी तरुणपणी हेच केलं. आता गुडघे हिशेब मागतात. अंगाचं वजन जिथे जवळपास मोजलंच जात नाही, त्या २.४ मीटर वर्गाच्या नौकेवर माझा जीव जडला तो यामुळे.

२.४ ही तिची लांबी नव्हे. लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास. लांबी, शिडाचं क्षेत्रफळ वगैरे मापं एका सूत्रात घातली की २.४ उत्तर यायला हवं. हे सूत्र १९०७ च्या आंतरराष्ट्रीय नियमातून आलं. १९५८ ते १९८७ या काळात अमेरिका चषकाच्या शर्यती ज्या १२ मीटर नौकांवर झाल्या, त्याही याच घराण्यातल्या. त्या वीसेक मीटर लांब, वर अकरा खलाशी. १९८० साली ब्रिटनची ‘लायनहार्ट’ चषकासाठी न्यूपोर्टला गेली, आणि त्याच सुमारास अशा नौकांच्या एका माणसापुरत्या छोट्या आवृत्त्या ‘मिनी-१२’ नावानं पाण्यात उतरल्या; २.४ मीटर वर्ग त्यांतूनच घडला. श्रीमंतांच्या खेळाची ही स्वस्त नक्कल, असं कुणाला वाटलं असेल. स्वीडनचा नौकारचनाकार पेटर नॉर्लिन यानं मात्र ती गांभीर्यानं घेतली. त्याच्या ‘स्कॅम्पी’ नौकेनं १९६९ पासून सलग तीन वर्षं हाफ टन चषक जिंकला होता. असा माणूस चार मीटरच्या नौकेचं रेखाटन करायला बसला! त्याची ‘नॉर्लिन मार्क ३’ पुढे या वर्गात सर्वांत जास्त चालली.

नौकेचं वजन सुमारे २६० किलो. त्यातलं निम्म्याहून जास्त शिसं, तेही तळाच्या कीलमध्ये. कलली तरी ते शिसं तिला परत सरळ करतं. तुम्ही आत, नाळेकडे तोंड करून बसता; बाहेर फक्त डोकं आणि खांदे. सुकाणू पायांच्या पॅडलवर, शिडांचे सगळे दोर हाताशी. डोळे पाण्यापासून इतके जवळ की वाऱ्याची झुळूक अंगावर यायच्या आधी तिची काळसर सुरकुती दिसते. लाटेचं पाणी आत येतं, म्हणून पंप असतो. कपडे कोरडे राहतील ही आशा सोडावी.

ताकदीचं काम शिशाकडे गेलं, उरली नजर आणि बोटं. म्हणूनच २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकपासून एकट्याच्या शर्यतीसाठी हीच नौका होती. पहिलं सुवर्णपदक जर्मनीच्या हायको क्रोगरचं, २०१२ चं ब्रिटनच्या हेलेना लुकासचं. जन्मतः डावा पंजा नसलेल्या फ्रान्सच्या दामियें सेगँनं २००४ आणि २०१६ मध्ये ते जिंकलं, आणि पुढे २०२०-२१ च्या वाँदे ग्लोब या एकट्यानं करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेत तो सातवा आला.

२०१५ मध्ये पॅरालिम्पिक समितीनं टोकियो पॅरालिम्पिकमधून नौकानयनच वगळलं. कारण दिलं, पुरेशा देशांत हा खेळ नाही. लॉस एंजेलिस २०२८ साठीची मागणीही फेटाळली गेली. मला हा निर्णय पटलेला नाही: खेळ पसरला नाही म्हणून काढला, आणि काढल्यावर तो पसरणार कसा? या वर्गाच्या खुल्या स्पर्धांत आजही धडधाकट आणि अपंग, स्त्रिया आणि पुरुष एकाच रेषेवरून सुटतात. आपल्या नौकानयन क्लबांना विनंती आहे, पुढची खरेदी करताना अशा दोन नौकांचा विचार करा. एक माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांसाठी, आणि दुसरी ज्याला आजवर होडीत चढताच आलं नाही त्याच्यासाठी.