कीर्तनाचा कान आणि रविवारची मालिका

रामायणाची गोष्ट बीडमध्ये कुणाला माहीत नव्हती? २५ जानेवारी १९८७ला, रविवारी सकाळी, दूरदर्शनवर रामानंद सागरांच्या 'रामायण'चा पहिला भाग लागला, तेव्हा शेवट काय होणार हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. तरीही पुढचं दीड वर्ष रविवारी सकाळी देशभरातले रस्ते ओस पडत. याचं श्रेय लोकांच्या भक्तीला आणि अरुण गोविल, दीपिका चिखलिया यांच्या चेहऱ्यांना दिलं जातं. मला त्यात गाण्याचा वाटाही मोठा दिसतो. आणि गोष्टीतलं गाणं कसं ऐकायचं, हे बीड जिल्हा टीव्ही यायच्या कितीतरी आधी शिकला होता.

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) ग्रंथ लिहिले, तशी गाण्यासाठी ढीगभर पदंही रचली. विसाव्या शतकात पाटोदा तालुक्यातल्या सावरगावात जन्मलेल्या भगवानबाबांनी कीर्तन आणि नारळी सप्ताह गावोगाव नेले. सप्ताहातलं कीर्तन आठवून बघा. बुवा अभंग घेतात, एका चरणावर बोलतात, दृष्टान्त देतात. बोलणं ऐन रंगात आलं की थांबतात. मग मृदंग वाजतो, टाळकरी चाल उचलतात, मंडपातल्या शेवटच्या रांगेतली म्हातारीही सूर मिसळते. त्या दोन-तीन मिनिटांत गोष्ट पुढे सरकत नाही. ऐकलेलं आत मुरतं.

'रामायण'च्या भागांत रवींद्र जैन नेमकं हेच करत होते. राम वनवासाला निघतो, संवाद थांबतात, पडद्यावर नुसते चेहरे उरतात आणि जैन यांचा आवाज येतो. हा आवाज कुठल्याच पात्राचा नाही. तो गोष्टीच्या बाहेर उभा राहून गोष्ट गातो, बुवांसारखाच. तुलसीदासांच्या चौपाईची अवधी प्रत्येकाला शब्दन् शब्द कळत नसे, पण चाल सोपी होती आणि ती पुन्हा पुन्हा येई. गल्लीत एखादाच टीव्ही असे. दारात उभं राहणाऱ्याला चित्र अर्धंच दिसे, गाणं मात्र पूर्ण पोचे.

२ ऑक्टोबर १९८८ला बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' आलं. तिथे कीर्तनकाराचं काम दोघांत वाटलेलं होतं. काळाच्या रूपात हरीश भिमाणी बोलत आणि महेंद्र कपूर गात.

पुढे १९९९मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली. तिच्यावरच्या 'आभाळमाया'चं शीर्षकगीत मंगेश कुलकर्णींनी लिहिलं, अशोक पत्कींनी चाल दिली आणि देवकी पंडितांनी गायलं. आता गाणं भागाच्या दारात येऊन बसलं. स्वयंपाकघरात सूर ऐकू आला की हात पुसत बाहेर यायचं. देवळातली घंटा करते तेच काम ते करी, लोकांना बोलावून आणायचं.

पण दाराच्या आत, खुद्द भागात, दैनंदिन मालिकांचं संगीत हळूहळू वेगळं होत गेलं. एकच चेहरा तीनदा जवळून दाखवायचा आणि तीनदा 'ढॅण' वाजवायचं. चौपाई तुम्हाला थांबायला जागा देई. 'ढॅण' मात्र हुकूम सोडतो: आता घाबरा, आता रडा. एकात ऐकणारा सामील होतो, दुसऱ्यात त्याला ढकललं जातं.

आज आपल्या फोनवर शीर्षकगीत ओलांडायचं बटण असतं आणि अंगठा सवयीनं तिकडे जातो. त्यात पाप काही नाही. गाडी, ऑफिस, अभ्यास यांतून काढलेला वेळ आपला आहे. पण तोच अंगठा आता कीर्तनापर्यंत पोचलाय. मिनिटभराच्या क्लिपमध्ये बुवांचा विनोद राहतो, अभंग कापला जातो आणि खाली कुणीतरी सिनेमातलं रडकं संगीत चिकटवतो. ज्या कलेनं मालिकेला थांबायला शिकवलं, तिच्यातलाच थांबा काढून टाकला जातोय.

२८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीत, दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं. नव्या पिढीला त्यातले बाण आणि मुकुट पाहून हसू आलं. आजी मात्र गाणं सुरू झालं की डोळे मिटून घेत असे. आपल्याला वाटलं, तिला झोप लागली. ती ऐकत होती.